चिप उठते तेव्हा

सरांना सकाळी कुणी ‘गुड मॉर्निंग’ घातलेलं खपत नसे. "आधी मला नीट उठू दे," ते म्हणत. आणि हे म्हणणारा माणूस शिवाजी पार्कला फेऱ्या मारून, आंघोळ उरकून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून चिंचपोकळीच्या आमच्या गाळ्यात खुर्चीवर येऊन बसलेला असे. त्यांचं म्हणणं असं, की जागं होताना माणसाच्या कानावर पहिल्यांदा जे पडतं त्यावर त्याचा सबंध दिवस ठरतो. "आणि माझा दिवस तू ठरवावास, इतकी काही मी तुला ओळखत नाही." हे मला तिथे नोकरीला लागून चांगली दोन वर्षं झाल्यावर ऐकावं लागलं होतं.

ते कुणालाच ओळखत नसत. म्हणजे नाव, गाव, घरी कोण कोण, सगळं माहीत असे. पण विश्वास ठेवावा इतकी ओळख त्यांनी कुणाशीच होऊ दिली नव्हती. खालच्या टपरीवरून चहा आला की आधी मला प्यायला लावायचे. मी जिवंत आहे असं दिसलं की मग आपला ग्लास उचलायचे. गाळ्याच्या दाराला तीन कड्या होत्या आणि तिन्ही आतून लावून ते दाराकडे तोंड करून बसत. मी येऊन बसले की पहिला प्रश्न, "दार लावलंस?" जेवायला बसताना पुन्हा, "दार लावलंय ना?" एकदा वैतागून मी म्हटलं, "सर, दुसऱ्या मजल्यावर, या गल्लीत, आपल्याकडे येणार कोण आहे?" तर म्हणाले, "तेच तर मला कळत नाहीये."

आमचा धंदा कंट्रोल बोर्डांचा. सोसायटीच्या टाकीचा पंप आपोआप चालू-बंद करणारे, शीतगृहाचं मशीन सांभाळणारे, असले छोटे हिरवे बोर्ड आम्ही बनवत असू. सर आधी एका मोठ्या कंपनीत बोर्ड डिझाइन करत. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा गाळा घेतला. माणसं आम्ही तीनच. डिझाइन सरांचं, प्रोग्रॅम आणि तपासणी माझी, आणि जोडणी, सोल्डरिंग, गिऱ्हाइकाकडे जाऊन बसवणं हे बाबलचं. बाबल लालबागचा. वडील गिरणीत होते, गाव मालवणच्या अलीकडे. पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, बोलायला लागला की थांबवणं मुश्कील. सरांच्या दृष्टीने हा मोठाच दोष होता. "जो इतकं बोलतो तो काहीतरी झाकतोय," ते मला एकीकडे घेऊन सांगत. मी कमी बोलत असे, तर बाबलला एकीकडे घेऊन म्हणत, "ती गप्प असते बघ, नजर ठेव." बाबल हे मला त्याच पावली येऊन सांगायचा.

आमचं डिझाइन कुणीतरी चोरणार, ही सरांची पक्की खात्री. म्हणून प्रत्येक चिपवरचं नाव आणि नंबर बाबल पॉलिश पेपरने घासून काढायचा, कॉपी करणाऱ्याला कळू नये चिप कोणती म्हणून. सर्किटचं पूर्ण ड्रॉइंग आमच्यापैकी कुणीही कधीच पाहिलेलं नव्हतं. मला प्रोग्रॅमपुरता कागद मिळायचा, ‘पंप’, ‘बझर’ अशा कुठल्या नावाचं काय करायचं एवढं लिहिलेला. बाबलला जोडणीपुरता, कुठली वायर कुठल्या भोकात एवढा. दोन अर्धे कागद कधी एकत्र येऊ नयेत म्हणून त्याचं टेबल या भिंतीला आणि माझं त्या भिंतीला. प्रोग्रॅम चढवायची केबल एका स्टीलच्या डब्यात, डब्याला कुलूप, किल्ली सरांच्या जानव्याला. दिवसातून चारदा शर्टाचं वरचं बटण काढून ते किल्ली बाहेर ओढत, तेव्हा मला उगाच आपण काहीतरी भलतंच बघतोय असं वाटायचं.

आणि तरीही मी तिथे टिकले, कारण त्या माणसाला आपलं काम येत होतं. नुसतं येत नव्हतं, मुरलेलं होतं.

मुलाखतीला गेले त्या दिवशी त्यांनी एक बोर्ड पुढ्यात टाकला होता. म्हणाले, "यात प्रोग्रॅम चढत नाही. खोटं कोण बोलतंय ते शोध." मी केबल बदलली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, प्रोग्रॅम पुन्हा तयार केला. चढेना. सर शेजारी बसून माझ्या हातांकडे बघत होते, मी खिशात काही टाकते की काय अशा नजरेने. शेवटी कंटाळून मी बोर्डाला लावलेली एकेक गोष्ट काढत गेले. एक साधा सेन्सर काढला आणि प्रोग्रॅम सरसर चढला. सेन्सर परत लावला, पुन्हा अडला.

"आता सांग, का?" सर म्हणाले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी अजून विसरलेले नाही.

"हे बघ मुली. चिपला वीज मिळाली की ती उठते. उठल्या उठल्या, डोळे चोळताना, ती आपल्या ठरलेल्या एक-दोन पिनांकडे बघते. तिथे दाब आहे की नाही एवढंच. दाब असेल तर ती म्हणते, आपला नेहमीचा प्रोग्रॅम चालवायचा. दाब नसेल, कुणी ती पिन खाली ओढून धरली असेल, तर म्हणते, आज नवीन प्रोग्रॅम येणार. आणि वाट बघत बसते. एकदा बघितलं की झालं. मग त्याच पिनेला तू दिवा लाव, बटण लाव, तिला काही वाटत नाही. पण त्या एका क्षणाला तिचा हात कुणी धरलेला आहे, यावर सगळं. आपल्याला प्रोग्रॅम चढवायला पिन खाली हवी होती आणि तुझा तो सेन्सर तिला वर ओढून बसला होता. त्यालाही कळत नव्हतं आपण काय करतोय. म्हणून कुठलाही बोर्ड बिघडला की पहिला प्रश्न विचारायचा. ती उठताना कुणाचा हात होता?"

"कुणाचा हात आहे?" हे पुढे त्यांचं सगळ्यालाच झालं. टपरीवाल्याने साखर कमी टाकली, कुणाचा हात आहे? खालच्या मजल्यावरच्या छापखान्याचा मालक हसून बोलला, यात कुणाचा हात आहे? आणि चिप उठताना बघते त्या पिनेबद्दल, बूट पिनेबद्दल, तर कायदाच होता. त्या पिनेला काहीही जोडायचं नाही. तिला तिचा एक रेझिस्टर, पहाऱ्याला बसवल्यासारखा, बाकी कुणी तिकडे बघायचंसुद्धा नाही. मी एकदा एक दिवा तिथे लावू का असं नुसतं विचारलं तर त्यांनी मला विचारलं, "तुला हे सुचवलं कुणी?"

आता हिराबायची गोष्ट.

हिराबाय शीव कोळीवाड्यातली. मासळीचा तिचा मोठा धंदा, घरामागे बर्फाची खोली. खोली गार ठेवणारं मशीन आमचा बोर्ड चालवायचा. वीज गेली आणि परत आली, की बोर्डाने उठून मशीन चालू करायचं, एवढं साधं काम. तिने नंतर एक गोष्ट वाढवून मागितली. भाचे दार उघडं टाकून जातात, तर दार उघडं राहिलं की बोंब मारील असं काहीतरी करून द्या. सरांनी करून दिलं. दाराला एक बटण बसवलं, फ्रिजमध्ये दिव्याला असतं तसलं. दार उघडलं की बटण सुटतं आणि बझर बोंबलतो. अशी सोय आमच्या एकट्या हिराबायकडेच होती.

आणि हिराबायकडचाच बोर्ड बिघडायला लागला.

त्या गल्लीत मीटरच्या खोलीतला फ्यूज वरचेवर उडायचा. कुणीतरी बसवला की वीज यायची, दिवे लागायचे, पण बर्फाच्या खोलीचं मशीन गप्प. हिराबायचा फोन यायचा. बोर्डाच्या पेटीला सरांनी आपल्या सहीचा कागद चिकटवून सील केलेलं, त्यामुळे घरच्यांनी हात लावायची सोय नाही. मग बाबल जायचा, सील फोडायचा, बोर्ड बंद करून चालू करायचा, आणि बोर्ड एकदम शहाण्यासारखा उठायचा. सरांच्या सहीचा नवा कागद चिकटवून दुपारी बाबल परत यायचा तेव्हा त्याच्या हाताला सुरमईचा वास. हिराबाय जेवल्याशिवाय त्याला सोडत नसे.

दोनदा झालं, तीनदा झालं. चौथ्या वेळी सरांनी नवा बोर्ड पाठवला. तोही तसाच. इथे गाळ्यात तो आम्ही दिवसभर बंद-चालू करून बघितला होता, एकदा चुकला नव्हता.

"बाबल नसताना बंद पडतो," सर मला म्हणाले. तिन्ही कड्या लावल्या होत्या आणि बाबल सामान आणायला लॅमिंग्टन रोडला गेला होता. "बाबल तिथे गेला की चालू होतो. मग सांग, कुणाचा हात आहे?"

"पण त्याला काय मिळणार यातून?"

"सुरमई," सर गंभीरपणे म्हणाले.

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. गेल्या फेरीत हिराबायची एका दिवसाची सगळी पापलेटं खराब झाली होती आणि तिने सांगून टाकलं होतं की पुन्हा असं झालं तर तुमची पेटी तुमच्या दारात आणून टाकीन. सरांनी ठरवून टाकलं होतं. पुढच्या महिन्यापासून बाबल नको. बाबलला त्यांनी तोंडावर विचारलंही.

"साहेब, मियां गेलंय नि चालू झाला, ह्येत माझो काय गुन्हो?" बाबल म्हणाला. "इतकी वर्षां तुमच्या चिपा घासतंय. एक तरी बाहेर गेली?"

"गेली नाही हे मला कसं कळणार?" सर म्हणाले. त्यांना हे क्रूर वाटतच नव्हतं. ते खरोखरच विचारत होते.

खोटं कशाला बोलू, संशय हा सर्दीसारखा असतो, त्या बंद गाळ्यात तो मलाही लागला. बाबल मधल्या सुट्टीत जिन्यात उभा राहून फोनवर हळू आवाजात बोलायचा. तो कुणाशी बोलतो? एकदा त्याच्या पिशवीत आमच्या पेटीसारखी पेटी दिसली. मी कान देऊन ऐकलं, वाकून बघितलं. फोन मुलीच्या बारावीच्या क्लासचा होता आणि पेटीत बायकोच्या चष्म्याची डबी होती. मग मी उलटा संशय घ्यायला लागले, की म्हाताऱ्याला बाबलला काढायचंच असेल आणि हे सगळं नाटक असेल. दोन भिंतींना दोन टेबलं, मधे खुर्चीवर सर, आणि तिघेही एकमेकांच्या हातांकडे बघतोय. त्या दिवसांत मला घरी जाऊनही नीट जेवण जात नसे.

एका सकाळी सरांनी मला कोळीवाड्यात पाठवलं. बाबलने बोर्डाला काय करून ठेवलंय ते गुपचूप बघून ये, म्हणाले. म्हणजे हेरगिरीच. मी गेले. हिराबाय अंगणात पाटावर बसून कोळंबी सोलत होती. मी उगाच इकडचं तिकडचं बोलत पेटीकडे बघत होते. सील जसंच्या तसं. तेवढ्यात पंखा थांबला. फ्यूज गेला होता.

हिराबाय ताडकन उठली, "पोरींनो!" म्हणून ओरडली आणि तिने बर्फाच्या खोलीचं दार सताड उघडलं. आतून दोरी होती, ती खिळ्याला बांधली. दोन सुना मोबाइलच्या उजेडात आत शिरल्या आणि फळ्यांवरची मासळी उचलून खाली खोक्यांत, बर्फाखाली घालायला लागल्या.

"मावशी, गारवा जाईल ना. दार लावा की," मी म्हटलं.

"अगो पोरी, लाईट गेली का दार बंद करून बसू काय? मशीन चालू व्हतंय का नाय कोनाला ठावं. म्हावरा बरफाखाली कोन घालील, तुजा साहेब?"

सुना आत काम करत असतानाच वीज आली. पंखा फिरला, दिवा लागला. मशीन गप्प. बझरही गप्प. मी त्या उघड्या दाराकडे बघत उभी राहिले. दार उघडं आहे. बोर्ड जागा असता तर बझरने आतापर्यंत गल्ली डोक्यावर घेतली असती. बाबल तिथे नव्हता. बाबल येतो तेव्हा पहिल्यांदा काय करतो, असं मी विचारलं. "दार लावतंय," हिराबायची धाकटी सून म्हणाली. "गारवा जातो म्हनून आमाला ओरडतंय. मग पेटी उघडतंय."

मी तशीच गाळ्यात आले. टेबलावर त्याच जातीचा दुसरा बोर्ड होता, वायरीच्या टोकाला दाराचं बटण, आणि बटणाला करकचून रबरबँड गुंडाळलेला. तो रबरबँड सरांनी स्वतः गुंडाळला होता. बोर्ड चालू असताना बटण सुटलं तर बझर सारखा बोंबलतो आणि त्यांचं डोकं उठतं, म्हणून. इतके दिवस आम्ही बोर्ड बंद-चालू केला तो रबरबँडसकट. म्हणजे आमच्या टेबलावरचं दार कायम बंद होतं.

मी वायरी तपासायचा मीटर घेतला. एक टोक बटणाच्या वायरीला, दुसरं चिपच्या पिनांवरून फिरवत नेलं. नंबर घासलेला असला तरी पिना मोजता येतात. मीटर ‘पीं’ वाजला तो त्या पिनेवर, जिच्याकडे कुणी बघायचंसुद्धा नव्हतं. दार उघडं असलं की सुटलेलं बटण तिला खाली ओढून धरत होतं, आणि उठणारी चिप नव्या प्रोग्रॅमची वाट बघत बसत होती.

"सर, बघा," मी म्हटलं आणि त्यांच्यासमोर रबरबँड काढून बोर्ड चालू केला. बझर बोंबलायला हवा होता. आवाज नाही. रबरबँड गुंडाळून पुन्हा चालू केला. बोर्ड उठला, दिवा लुकलुकला. काढून पुन्हा. शांत.

सरांनी रबरबँड हातात घेऊन बघितला. मग म्हणाले, "तुला हे बाबलने दाखवायला सांगितलं?"

आता मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "सर, अर्धा कागद त्याच्याकडे, अर्धा माझ्याकडे. पूर्ण कागद एकट्या तुमच्याकडे आहे. तुमच्याशिवाय कुणाला दिसणार होतं हे?"

दुसऱ्या दिवशी, माझ्यावर विश्वास नाही म्हणून, सर स्वतः कोळीवाड्यात गेले. आम्हा दोघांनाही बरोबर घेतलं, कारण आम्हाला मागे गाळ्यात सोडायचा धीर त्यांना झाला नाही. त्यांनी हिराबायला सांगितलं की वीज गेली की जे करता तेच करा, आणि घरातला मेन स्विच स्वतः पाडला. दार उघडलं. दोरी बांधली. सुना आत गेल्या. सरांनी स्विच वर केला. दिवे लागले, मशीन गप्प. त्यांनी स्विच पाडला, दार लावून घेतलं, पुन्हा वर केला. मशीन घरघरायला लागलं.

"पिना पुरत नव्हत्या," सर कुणालाही न उद्देशून म्हणाले. "शेवटची तीच उरली होती. मी म्हटलं, बर्फाच्या खोलीचं दार कोण उघडं ठेवेल."

"कोण म्हंजे? ज्येची मासळी हाय तो ठेवील," हिराबाय म्हणाली.

बाबलने, तो बाबलच असल्यामुळे, विचारलंच, "मग साहेब, हात कोनाचो होतो?"

मला वाटलं आता याची आजच्या आजच सुट्टी. पण सर म्हणाले, "माझा." एवढंच. जेवायला हिराबायने आग्रह केला तर बसले. सुरमईचा पहिला घास बाबलने खाल्ल्यावर त्यांनी आपला उचलला.

माफी त्यांनी मागितली नाही. बाबलला काढण्याचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही. दाराची वायर दुसऱ्या पिनेवर गेली, त्यासाठी एक शोभेचा दिवा काढून टाकला. चिपांचे नंबर घासणं चालूच राहिलं, कड्याही तिन्ही लागत राहिल्या. माणूस असा एका सुरमईने बदलत नाही, आणि तो बदलला असं मी सांगितलं तर तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू नका.

फक्त एक झालं. पुढल्या वर्षी सरांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटलमधल्या कुणावरही त्यांचा विश्वास नव्हता हे सांगायला नकोच. बोर्डावर खुणा करायच्या पेनने त्यांनी स्वतःच्या पोटावर डावीकडे ‘इथे’ आणि उजवीकडे ‘इथे नाही’ असं लिहून ठेवलं होतं. डॉक्टर हसले, तर सरांनी त्यांना विचारलं की यात हसण्यासारखं काय आहे. पूर्ण भूल देणार म्हटल्यावर ते पांढरेच पडले. त्यांना सगळ्यात जास्त भीती त्याचीच होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मग त्यांनी एकच अट घातली. "मी शुद्धीवर येईन तेव्हा बाबल समोर हवा."

काकू, त्यांच्या पत्नी, बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसून म्हणाल्या, "बघ. सबंध संसार केला मी यांच्याबरोबर, आणि उठताना समोर कोण हवं, तर बाबल." त्यांना रागही आला होता आणि डोळेही पुसत होत्या.

सरांना खोलीत आणल्यावर बाबल खाटेशी जाऊन उभा राहिला. एवढा बडबड्या माणूस, पण तोंडातून अक्षर काढलं नाही. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं; शेवटी त्याने खाटेची कड धरली. दुपार होती. खोलीचं दार उघडं होतं आणि बाहेर वऱ्हांड्यात नर्स, नातेवाईक, जेवणाच्या गाड्या अशी सगळी अनोळखी माणसं ये-जा करत होती. सरांनी डोळे किलकिले केले. नजर बाबलवर थांबली, बराच वेळ तिथेच राहिली. मग हळूच दाराकडे गेली.

बाबलला सवयीने कळलं. तो लगबगीने वळला. "लावतंय, साहेब, दार लावतंय."

"नको," सर म्हणाले. "उघडं राहू दे."